चवीपुरतं कॉस्टिक

हार्डवेअरच्या दुकानात कुणी कॉस्टिक सोडा मागितला की दुकानदार ठरलेला प्रश्न विचारतो, "काय तुंबलंय? बेसिन की संडास?" त्यात त्याची काही चूक नाही. मराठी घरात कॉस्टिक येतो तो मोरी तुंबली म्हणूनच. तेव्हा इस्त्रीची साडी नेसलेली, हातात यादी घेतलेली एक बाई "तुंबलं काही नाही हो, अंगाला लावायला हवाय" असं म्हणाली, तर त्याने काढलेला डबा पुन्हा वरच्या फळीवर ठेवून "ताई, घरी कोण कोण असतं तुमच्या?" असं आस्थेने विचारावं हे माणुसकीला धरूनच आहे.

ही बाई म्हणजे आमच्या वहिनी. आमचं घर नाशिकचं. वहिनींना शेळीच्या दुधाचा साबण करायचा होता, घरच्या घरी, कोल्ड प्रोसेसने, म्हणजे साबण चुलीवर न शिजवता. 'साबण' हा शब्द त्यांनी दुकानात आधी उच्चारला असता तर पुढची विचारपूस टळली असती. पण त्या दिवसापासून त्यांनी धडा घेतला तो वेगळाच. कॉस्टिकचा विषय त्या घरात कुजबुजत काढतात आणि घराबाहेर काढतच नाहीत. बाहेर बोलायचं ते दुधाबद्दल.

हा नियम वहिनींचा एकट्यांचा नाही. हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी साबणवाली असते. आधी चॉकलेटवाली असायची, मग केकवाली आली, लॉकडाऊनमध्ये पाववाली झाली, आता साबण. या सगळ्या साबणवाल्या दुधाबद्दल भरभरून बोलतात, केशराबद्दल बोलतात, कोकमाच्या तेलाबद्दल तर ऐकणाऱ्याचा चहा गार होईपर्यंत बोलतात. आमची आजी हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना भिरंडेल चोळायची, तेच हे कोकमाचं तेल. पण आजीने त्याबद्दल कधी चहा गार होऊ दिला नव्हता. आणि बोलण्याच्या शेवटी 'यात केमिकल अजिबात नाही' हे वाक्य येतंच. हे वाक्य म्हणताना वहिनी खिडकीबाहेर बघतात.

कारण साबणाचं मूळच मुळी ते कॉस्टिक. तेलात कॉस्टिकचं पाणी घातलं की तेलाचं तेलपण जातं, कॉस्टिकचं कॉस्टिकपण जातं, आणि मागे उरतात साबण आणि ग्लिसरीन. लोक राख आणि चरबी घेऊन हजारो वर्षं साबण करत होते, पण नेमकं काय घडतं ते मिशेल यूजीन शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं, आणि 1823 मध्ये प्राणिज चरबीवरचं पुस्तक काढलं. हा गृहस्थ 1786 मध्ये जन्मला आणि 1889 मध्ये गेला. एकशे दोन वर्षं. साबणाच्या संगतीने माणूस शंभरी पार करतो असं कुठल्याही वेष्टनावर अजून छापलेलं नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं. याहून कमी पुराव्यावर बरंच काही छापलेलं आहे.

खरी अडचण रसायनाची नव्हती. आमच्या घराच्या स्वभावाची होती.

आमच्याकडे स्वयंपाक अंदाजाने होतो. आईला कुठल्याही पदार्थाची कृती विचारा. 'थोडं', 'लागेल तेवढं', 'घेईल तेवढं पाणी' आणि 'चवीपुरतं', ही तिची वजनं. माप म्हणून फार तर वाटी. कुठली वाटी? तर 'आपली ती'. पुरण किती डाळीचं घालू असं वहिनींनी लग्नानंतर पहिल्या होळीला विचारलं होतं, तेव्हा 'माणसं बघून घाल' असं उत्तर मिळालं होतं. माणसं बघून वहिनी इतक्या घाबरल्या की पुरण पाडव्यापर्यंत पुरलं.

कॉस्टिकला 'चवीपुरतं' कळत नाही. त्याचा हिशेब सावकारी आहे. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक लागतं. तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला साडेतेरा, एरंडेलाला तेरा. म्हणजे तीनचार तेलं मिळून अर्धा किलो घेतलं तर प्रत्येकाचं वेगळं गणित करायचं, बेरीज करायची, आणि आलेल्या आकड्यातून पाच टक्के कमी करायचे. हे पाच टक्के फार मोलाचे. तेवढं तेल साबण न होता तसंच राहतं आणि कॉस्टिकचा कणही मागे राहणार नाही याची हमी देतं. वहिनींच्या मिश्रणाला 71 ग्रॅम आले. सत्तर म्हणजे ठीक, ऐंशी म्हणजे अंगाची आग.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, खोबरेल कमी पडलं तर शेंगदाण्याचं घाल की. तेल ते तेल."

तूप नसेल तर तेल, साखर नसेल तर गूळ, चिंच नसेल तर आमसूल, अशा जोरावर जिने चाळीस वर्षं पाहुणे जेवू घातले तिला हे सुचणारच. पण खोबरेलाच्या हिशेबाचं कॉस्टिक शेंगदाण्याच्या तेलाला दिलं तर शंभर ग्रॅममागे चारसाडेचार ग्रॅम शिल्लक राहतं, आणि ते शिल्लक कॉस्टिक मग जिथे साबण लावाल तिथे आपलं काम शोधतं. वहिनींनी हे समजावून सांगितलं. आईने शांतपणे विचारलं, "मग शिल्लक राहिलेलं मोरीत ओतता नाही का येणार?"

शेवटी ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घरात आला. आल्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना आईने त्यावर आपली अंगठी ठेवून बघितली. सराफाने सांगितलेलं वजन आणि काट्याने दाखवलेलं वजन यांत जो फरक निघाला त्यावरून आमच्याकडे एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. ते इथे नको.

आता दूध. दूध घालायचं म्हणजे पाण्याच्या जागी दूध घ्यायचं आणि त्यात कॉस्टिक विरघळवायचं. ऐकायला सोपं. पण कॉस्टिक साध्या पाण्यात टाकलं तरी पाणी आपोआप ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं. दुधात टाकलं तर दुधातली साखर करपते. दूध आधी पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी होतं आणि अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास सुटतो. म्हणून दूध आधी गोठवून त्याचे बर्फाचे तुकडे करायचे आणि त्यावर कॉस्टिक चमचा चमचा भुरभुरवायचं, म्हणजे त्याची सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते.

आमच्या आईचं निम्मं आयुष्य दूध तापवण्यात गेलं आहे. दूध आलं की ते गॅसवर चढलं पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत नासलंच. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तिने 'दुधाकडे बघ रे' असं सांगितलेलं आहे, अगदी गॅस मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा. तिच्या डोळ्यांदेखत कच्चं दूध थेट फ्रीझरमध्ये गेलं, तेही मटाराच्या पिशवीला टेकून. "निदान एक उकळी तरी," ती म्हणाली, आणि मग काही बोलली नाही.

त्याच फ्रीझरमधून शनिवारी संध्याकाळी दादाने अंधारात दोन तुकडे उचलून आपल्या पेल्यात टाकले. पेल्यात काय होतं ते आमच्या घरात विचारत नाहीत. वहिनींनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त सकाळी ट्रे काट्यावर ठेवला आणि चाळीस ग्रॅम दूध कमी भरतंय एवढंच जाहीर केलं. डिजिटल काटा घरात आणणाऱ्या पुरुषांनी हा धोका आधीच ओळखावा.

दूध शेळीचंच का, हा प्रश्न मी विचारला होता. गायीचं चालतं, म्हशीचंही चालतं. साबणाला जात नसते. पण गायीचं दूध रोज दारात येतं, आणि जे रोज दारात येतं त्याची गोष्ट होत नाही. शेळीचं दूध शोधायला जावं लागतं. त्यात नगर-नाशिककडची संगमनेरी शेळी दुधासाठी नावाजलेली, म्हणजे गोष्टीला घरचा आहेरही झाला. तर दादा आणि वहिनी रविवारी सिन्नरच्या बाजूला एका शेळ्या पाळणाऱ्याकडे गेले. त्याने चरवी पुढे घेत सहानुभूतीने विचारलं, "डेंगी कुणाला झाला?"

डेंगीची साथ आली की शेळीच्या दुधाला सोन्याचा भाव येतो, कारण त्याने पेशी वाढतात अशी लोकांची खात्री असते. तेव्हा गाडीतून आलेली शहरातली जोडी म्हणजे पेशंटचे नातेवाईक, हे त्याच्या दृष्टीने उघड होतं. "कुणाला नाही, साबण करायचाय," असं वहिनी म्हणाल्या. शेळीने रवंथ थांबवलं नाही, पण त्याने बिडी थांबवली.

दुधाने अंग धुण्याचा नाद तसा जुनाच. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की सम्राट नीरोची बायको पोपिया गाढविणीच्या दुधाने स्नान करायची आणि त्यासाठी पाचशे गाढविणी तिच्याबरोबर चालायच्या. आपल्याकडेही गाढविणीचं दूध विकणारे गल्लीत येतात, पण ते चमचाभर देतात आणि लहान मुलाला पाजायला देतात. पोपियाचा हिशेब त्यांना परवडला नसता. हाच प्लिनी साबणाबद्दलही लिहितो. चरबी आणि राखेपासून गॉल लोक साबण करत, पण तो अंगाला लावायला नव्हे, केस लाल करायला. आणि जर्मन लोकांत तो बायकांपेक्षा पुरुषच जास्त वापरत. म्हणजे आंघोळीला दूध आणि केसांना साबण, अशी तेव्हा वाटणी होती. दोन्ही एका पातेल्यात घालण्याचं काम नाशिककरता राहून गेलं होतं.

साबणाचा दिवस उजाडला आणि घरात सोवळं आलं.

आजी गेल्यापासून आमच्याकडचं सोवळं संपलं होतं. वहिनींच्या साबणाने ते दामदुपटीने परत आणलं. साबणाची भांडी वेगळी, चमचे वेगळे, फडकी वेगळी; त्यांना कुणी हात लावायचा नाही, आणि ती घरच्या भांड्यांना लागता कामा नयेत. मुलं बाहेर, मांजर बाहेर, खिडक्या उघड्या. पूर्ण बाह्यांचा कपडा, हातात रबरी मोजे, डोळ्यांना गॉगल. पूर्ण बाह्यांचा कपडा म्हणून दादाचा रेनकोट निवडला गेला. जवळ पाण्याची बादली भरून ठेवलेली, कारण कॉस्टिकचा थेंब कातडीवर उडाला तर भरपूर पाणी ओतत राहायचं, घरगुती उपाय शोधत बसायचं नाही. आई हे सगळं दारातून मोठ्या समाधानाने बघत होती. सुनेला सोवळं कळत नाही अशी तिची जी जुनी तक्रार होती, ती तिने त्या दिवशी मनातल्या मनात मागे घेतली असावी.

एक गोष्ट मात्र आईला पटली नाही. ढवळायला तिने तिचं मोठं जर्मनचं पातेलं काढून दिलं होतं. ज्यात लग्नाकार्यात आमटी झाली, त्यात वाटीभर साबण व्हायला काय हरकत होती? हरकत अशी की जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं. नुसतं खात नाही, वर हायड्रोजन वायू सोडतं, जो पेट घेतो. दादाने हे सांगितल्यावर आईने पातेलं पदराखाली घेतलं आणि ते थेट माळ्यावर नेऊन ठेवलं.

दादा अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. त्यामुळे त्या दिवशी त्याच्याकडे देखरेख आपोआप आली. तो स्वयंपाकघराच्या बाहेर, खुर्चीवर, वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसला आणि "कॉस्टिक दुधात घाल, दूध कॉस्टिकवर ओतू नको", "हळू", "तापमान बघ", "गॉगल वर कर, आपलं, खाली कर" अशा सूचना देत राहिला. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. इथे दूध खरोखरच शेळीचं होतं एवढाच काय तो फरक.

खोबरेल तेलाचा प्रश्न नाशिकच्या थंडीने निर्माण केला होता. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि मार्गशीर्षात आमच्याकडे सकाळी तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. बाटली गच्चीवर उन्हात ठेवली, आई शेजारी बसली, आणि तेल पातळ होईपर्यंत गच्चीवरच्या सगळ्या बायकांना दुधाच्या साबणाची बातमी कळली. कॉस्टिकची कळली नाही. आईसुद्धा तयार झाली होती.

मग तेलात ते कॉस्टिकचं दूध ओतलं आणि ब्लेंडर फिरवला. इथे एक अवस्था यावी लागते, तिला साबणवाल्या ट्रेस म्हणतात. मिश्रण दाटतं आणि ब्लेंडर उचलला की पडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर उमटून राहते. ती ओळखायला काटा नाही, थर्मामीटर नाही, ग्रॅम नाहीत. वहिनी पुन्हा पुन्हा ब्लेंडर उचलत होत्या आणि "आली की नाही?" असं स्वतःलाच विचारत होत्या. दादाने एमआयडीसीतला कुठलाच नियम इथे लागू पडत नसल्याचं मान्य केलं.

आई आत आली. तिने पदर खोचला आणि भांड्यात नुसतं बघितलं.

"पाकाला तार येते तशी ना? मग आली की. थांब आता, नाहीतर साच्यात पडायचं नाही."

तार आली होती. त्या क्षणापासून आई ट्रेसची सर्वाधिकारी झाली. इतके दिवस ग्रॅमने ज्याला घराबाहेर काढलं होतं तो अंदाज अखेर मागच्या दाराने आत आला आणि पाटावर बसला. आईने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तिला गरजच नव्हती; दादाकडे एकदा बघितलं तेवढं पुरलं.

रंगासाठी वहिनींनी चिमूटभर हळद घातली तेव्हा मिश्रण पिवळं होण्याऐवजी लालसर झालं. वहिनी दचकल्या. दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. आईला काहीच वाटलं नाही. "मग कुंकू कसं होतं वाटलं तुम्हाला? हळदीला चुना लागला की लाल होणारच." बरोबर आहे. हळदीला खार भेटला की ती लाल होते, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या केमसारखं गाव त्यावर नाव कमावून आहे. साबणातली ही लाली पुढे काही दिवसांत उतरते आणि भगव्या-पिवळ्याच्या मधला एक रंग राहतो. पण त्या क्षणी कुंकवाचं नाव निघाल्यामुळे वहिनींना बरं वाटलं. केमिकलचा संशय गेला आणि सौभाग्य आलं.

साच्यात ओतलेला साबण उबदार जागी झाकून ठेवायचा असतो, पण दुधाचा नाही. दुधातल्या साखरेने तो आतून तापतो, आणि फारच तापला तर साच्यातून फुगून वर येतो आणि काठावरून वाहतो. साबणवाल्या याला ज्वालामुखी म्हणतात. वर उल्लेख केलेला प्लिनी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाच्या वेळी किनाऱ्यावर जवळ गेला आणि तिथेच वारला. ओट्यावरच्या ज्वालामुखीत तेवढं गांभीर्य नसलं तरी ओटा पुसायला आमच्याकडे प्लिनी नव्हता. म्हणून साचा फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रिजमध्ये जागा करायला आधी कालची आमटी, परवाची भाजी आणि कधीची तरी चटणी संपवावी लागली. त्या रात्री आम्ही सगळे साबणासाठी जेवलो.

वड्या कापताना आईला जुनं आठवलं. तिच्या तरुणपणी महिला मंडळात कपड्याचा साबण करायचे. तेल, कॉस्टिक, सिलिकेट, लाकडी साचा आणि कापायला तार. पांढऱ्या-पिवळ्या वड्या, वजनावर. कुणी त्यांना सुतळी बांधली नाही की वाळलेलं फूल चिकटवलं नाही. आणि कॉस्टिकबद्दल कुणी कुजबुजत नव्हतं. उलट मंडळाच्या वहीत पहिल्या ओळीत तेच लिहिलेलं असायचं, कारण ते सगळ्यात महाग पडायचं.

वड्या झाल्या म्हणजे साबण झाला असं नाही. त्याला चार ते सहा आठवडे मुरू द्यावं लागतं. पाणी उडून जातं, वडी टणक होते. या काळात वड्या हवेशीर जागी, एकमेकींना न टेकता, अधूनमधून कूस बदलत पडून राहतात. आमच्याकडे हवेशीर जागा म्हणजे दादाच्या पुस्तकांचं कपाट निघालं. ज्ञानकोशाचे खंड माळ्यावर गेले, जर्मनच्या पातेल्याशेजारी. दर रविवारी वड्यांची वजनं व्हायची आणि एका वहीत टिपली जायची. वजन कमी झालं की वहिनी खूश व्हायच्या. दादाचं वजन मात्र त्याच काट्यावर, त्याच वहीत, शेजारच्या रकान्यात टिपलं जायचं, आणि ते वाढत होतं.

पाहुण्याने नारळाची वडी समजून साबण खाल्ला, हा विनोद आता जुना झाला. खरी गोष्ट अशी की साबणवाल्या स्वतःच साबण चाटतात. बोट ओलं करून वडीवर फिरवायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. झटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे. नुसतीच साबणाची चव आली तर साबण झाला. वहिनींनी बाल्कनीच्या दाराशी उभं राहून हा प्रयोग केला तेव्हा समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. वहिनी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "झटका नाही. भावोजी, तुम्ही बघता?" मी माझ्या पिढीतला शेवटचा शूर माणूस नाही हे मला ठाऊक आहे. मी दादाकडे बोट दाखवलं. दादाने मनातल्या मनात चाटून पाहिलं आणि उत्तम आहे म्हणाला.

आता साबण खरंच कसा होता? चांगला होता. बाजारातल्या साबणाशी तुलना करणं अवघड, कारण तिथे वेगळी गणितं चालतात. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या आंघोळीच्या साबणात एकूण स्निग्ध द्रव्य 76 टक्के लागतं, तिसऱ्या प्रतीत 60. त्याखाली 'बाथिंग बार' नावाची एक जात आहे जिचं भागवायला 40 पुरतात. हे वेष्टनाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही, कारण मधल्या जागेत नटी असते. ती प्रथा 1941 पासूनची. लक्सची पहिली भारतीय तारका आपली लीला चिटणीस. वहिनींच्या साबणावर नटी नव्हती, पण तेलं चांगली होती, ग्लिसरीन कुणी काढून घेतलेलं नव्हतं, आणि ते राखीव पाच टक्के तेल अंगाला लागत होतं. कातडी ओढली जात नव्हती.

आणि दूध? माझं मत घरात कुणाला आवडलेलं नाही, तरी लिहितो. दुधातलं स्निग्ध कॉस्टिकने साबण केलं, साखरेने फेस थोडा वाढवला आणि रंग थोडा काळवंडला, प्रथिनांचं जे व्हायचं ते झालं. दूध म्हणून दूध त्यात राहिलं नाही. कॉस्टिकही कॉस्टिक म्हणून राहिलं नाही. दोघांची गत एकच. पण एकाचं नाव वेष्टनावर जातं आणि दुसऱ्याचं माळ्यावर. दूध साबणासाठी नसतंच. ते सांगण्यासाठी असतं, आणि त्या कामाला शेळीचं दूध गायीच्या दुधापेक्षा दुपटीने सरस आहे यात मला शंका नाही.

दादाला यात धंदा दिसला होता. एक दिवस त्याने नाव, चिन्ह आणि शाखा विस्तार ठरवून टाकला. मग कळलं की विकायला साबण करायचा तर औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या 1940 च्या कायद्याखाली परवाना लागतो, जागा तपासतात, लेबलवर काय काय लिहायचं ते ठरलेलं आहे. आणि घटक लिहावे लागतात. सगळे.

शाखा विस्तार तिथेच थांबला, आणि साबण संक्रांतीच्या वाणाला लुटायचा ठरला.

वाण म्हणून आमच्या सोसायटीत आजवर प्लॅस्टिकची गाळणी, स्टीलचे छोटे डबे, कुंकवाचे करंडे आणि एका वर्षी अगदी टॉर्चसुद्धा लुटून झाले आहेत. वहिनींच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या हातात एक वडी पडली, सुतळी बांधलेली, पुठ्ठ्याची चिठ्ठी लावलेली. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात: शेळीचं दूध, खोबरेल, ऑलिव्ह, एरंडेल, कोकम, हळद.

बायकांनी वडी नाकाशी नेली. "शेळीचं म्हणता, मग वास कसा येत नाही?" "दुधाचा आहे तर नासणार नाही ना हो?" "फ्रिजमध्ये ठेवायचा का?" शेळी हा शब्द ऐकून एका काकूंनी दचकून "शाकाहारी आहे ना?" असं विचारलं, आणि दूधच आहे म्हटल्यावर त्यांनी वडी दोन्ही हातांनी पर्समध्ये ठेवली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बी विंगमधल्या एका बाई, ज्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या आणि निवृत्त झाल्या तरी शिकवायच्या, त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"कॉस्टिक नाही घातलंत?"

खोलीत बांगड्या वाजायच्या थांबल्या. वहिनींनी आईकडे बघितलं. आईने गुलाबपाण्याच्या झारीकडे बघितलं.

"घातलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आता नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. वर्गात उत्तर आल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. "मग तसं तर दूधही—"

"तिळगूळ घ्या ना बाई," वहिनी म्हणाल्या, आणि ताट त्यांच्या आणि पुढच्या शब्दाच्या मधे धरलं.

साबणाच्या तक्रारी तशा आल्या नाहीत. एक आली ती पाण्याची. नळाला गंगापूर धरणाचं पाणी असतं तोवर वडीला सुरेख फेस येतो. पण सोसायटीचं बोअर सुरू झालं की जड पाण्यातला चुना साबणाला धरतो, फेस गायब होतो आणि बादलीत पांढरट साका तरंगू लागतो. त्याला एका घरात 'दूध वर आलं' असं समजले आणि त्यांनी वहिनींचं खास कौतुक केलं. वहिनींनी ते स्वीकारलं. दुसरं म्हणजे ही वडी पाण्यात बसली की विरघळते, तिला भोकाची साबणदाणी लागते. ते चिठ्ठीवर लिहायला जागा उरली नव्हती.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. काकूंना मिळालेली वडी त्यांनी हातात घेऊन, चष्मा लावून, चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. दिवाळीला तेल-उटणं लावून वर साबण घासायची त्यांची सत्तर वर्षांची सवय. दूध, तेलं, हळद, कोकम. सगळं त्यांच्या ओळखीचं होतं.

"सूनबाई, फार उत्तम झालंय हो. अंगाला चोळलं. आता फक्त एवढं सांग, हे लावून झालं की वर साबण कुठला लावायचा?"

वहिनींनी काही न बोलता फोन आईच्या हातात दिला.

"नेहमीचाच लावा, भावोजी," आई म्हणाली. "आणि चांगला घासून."